एकशे नव्व्याण्णव माणसं

“फिरके, हा पेपर तुम्ही वाचलाय का?” वळवी मॅडमनी विचारलं.

“हो, मॅडम.”

“पूर्ण?”

“पूर्ण वाचलाय.”

“मग सांगा, एकशे नव्व्याण्णव माणसं गेली कुठे?”

मला प्रश्नच कळला नाही. मी नेहमीसारखा हसलो. डॉक्टरसमोर अडलं की हसायचं, हे कंपनीने कधी शिकवलं नव्हतं, पण आम्हा सगळ्यांना येत होतं.

ही शहाण्णव सालच्या सप्टेंबरातली गोष्ट. मी एका औषध कंपनीचा एमआर होतो. सत्तावीस वर्षांचा, सावद्याचा, बी.एस्सी. झालेला. शहादा, तळोदा, धडगाव हा सगळा पट्टा मोटारसायकलवर पालथा घालायचो. त्या पावसाळ्यात कंपनीने हिवतापावर नवी गोळी आणली होती. तिचं नाव सांगत नाही. दोन वर्षांत ती बाजारातून गेलीही. रोज दोन गोळ्या, तीन दिवस, अशी सहा गोळ्यांची एक पट्टी. तिच्यावरचा शोधनिबंध परदेशातल्या एका मासिकात छापून आला होता आणि त्याच्या दहा-दहा प्रती आम्हाला मिळाल्या होत्या. नऊ पानं. पहिल्या पानावर चौकटीत सारांश. तेवढा मी पाठ केला होता. चारशे बारा रुग्ण, सत्त्याण्णव टक्के बरे, गंभीर दुष्परिणाम शून्य. पुढची आठ पानं मी उलटूनसुद्धा पाहिली नव्हती.

डॉ. इंदू वळवींचा दवाखाना शहाद्यात बसस्टँडच्या मागे होता. बाई मूळच्या सातपुड्यातल्या एका पाड्यावरच्या. घरात शाळेची पायरी चढलेल्या त्या पहिल्या. डोंगरातली माणसं त्यांच्याकडे पहाटेपासून येऊन बसायची. आमच्यातले बरेच एमआर त्यांना टाळत, कारण त्या आमच्या रंगीत पुस्तकाकडे बघतच नसत. “चित्रं ठेवा बाजूला. मूळ पेपर असेल तर द्या,” एवढंच. मागच्या भेटीत त्यांनी तो मागितला होता, म्हणून त्या दिवशी मी मोठ्या ऐटीत आणून दिला होता.

त्यांनी मनगटावरचं घड्याळ काढून टेबलावर ठेवलं. “बाहेर अठरा पेशंट आहेत. याला दहा मिनिटं,” म्हणाल्या आणि खरोखरच वाचायला बसल्या. पहिलं पान त्यांनी उलटून पालथं घातलं. थेट तिसऱ्यावर गेल्या, पेन्सिलीने एका आकड्याखाली रेघ मारली, मग सहाव्या पानावरच्या तक्त्यावर बोट ठेवलं, परत तिसऱ्यावर आल्या. जेमतेम चार मिनिटं झाली असतील. आणि मग तो प्रश्न.

“ताप घेऊन आलेले सहाशे अकरा,” त्या म्हणाल्या. “औषध दिलं चारशे बारांना. मग मधले एकशे नव्व्याण्णव?”

“घरी गेले असतील, मॅडम.”

“घरी पाठवले. का पाठवले ते लिहिलंय. वाचा.” त्यांनी कागद माझ्याकडे फिरवला. “मोठ्याने.”

बारीक टायपातला परिच्छेद होता. मी अडखळत वाचला. गरोदर बाया वगळल्या. दोन वर्षांखालची मुलं वगळली. आणि ज्यांच्या रक्तात जी-सिक्स-पीडी कमी आढळलं, ते सगळे वगळले.

“हे शेवटचं म्हणजे काय, ठाऊक आहे?”

मी नाही म्हणून मान हलवली. आता हसणं जमत नव्हतं.

“आपल्या रक्तातल्या तांबड्या पेशींना सांभाळणारं एक द्रव्य असतं. काही माणसांत ते जन्मतःच कमी असतं. एरवी त्यांना काही त्रास नाही. पण ठरावीक औषधं पोटात गेली की त्यांच्या पेशी फुटायला लागतात. दोन दिवसांनी लघवी काळी होते, अंगातलं रक्त उतरतं. पुरुषांत जास्त. तुमच्या गोळीत दोन औषधं आहेत ना? त्यातलं दुसरं त्याच जातीचं आहे.”

“पण मॅडम, गंभीर दुष्परिणाम तर शून्य...”

“ज्यांना झाले असते त्यांना दारातूनच परतवून लावलं. मग शून्य येणार नाही तर काय?” त्यांचा आवाज चढला नाही. “हा पेपर खोटा नाही, फिरके. शहरातला मोठा दवाखाना, आधी रक्त तपासलं, मग गोळी दिली. तिथे ती चांगलीच आहे. माझ्याकडे जी डोंगरातली माणसं येतात, त्यांच्यात दहात एक पुरुष तरी असा निघतो. तपासायची सोय आहे कुठे? सारांश लिहिणारा त्याला दाखवायचं तेच वर मांडतो. सारंगखेड्याच्या बाजारात घोडा घेताना आधी झूल बघता का तुम्ही? दात बघायचे, खूर बघायचे. कुणाला घेतलं, कुणाला सोडलं, मधेच कोण गळालं. एवढं कळलं की बाकीचं दोन मिनिटांचं काम.”

त्यांनी घड्याळ परत हातात घातलं.

“तुमच्या भागात ही गोळी कुणाला दिलीत आतापर्यंत?”

“कुणालाच नाही,” मी म्हणालो. “आजपासूनच सुरुवात करतोय.”

“बरं झालं,” त्या म्हणाल्या आणि पुढच्या पेशंटला हाक मारली.

ते खरं नव्हतं. आदल्या संध्याकाळीच मी डॉक्टर मकरंद अलईंच्या जीपमध्ये सॅम्पलचे दोन खोके चढवून दिले होते. अलई शहाद्यातलेच, नवा दवाखाना टाकलेले, हौशी आणि मनाने चांगले डॉक्टर. डोंगरात झिरपाड्याच्या आश्रमशाळेत तापाची साथ होती, म्हणून त्यांनी स्वतःहून शिबिर ठरवलं होतं. फुकट औषध कोण देतो, असं विचारत होते. मी म्हणालो, आम्ही देतो. “सुरक्षित आहे ना रे? पोरं आहेत,” त्यांनी विचारलं होतं. “दुधाइतकी, सर,” मी म्हणालो होतो. शिबिर त्याच दिवशी सकाळी सुरू व्हायचं होतं.

दवाखान्यातून बाहेर पडलो तेव्हा दहा वाजले होते. मोटारसायकलपाशी गेलो, पण किक मारली नाही. समोरच्या हॉटेलात बसलो, चहा सांगितला, बॅगेतून दुसरी प्रत काढली आणि पहिल्या पानाच्या पहिल्या ओळीपासून वाचायला लागलो. एकही शब्द सोडला नाही. न कळलेलं वाक्य दोनदा वाचलं. चहावर साय धरली. नवव्या पानावरची आभाराची ओळसुद्धा वाचली. मग उठलो आणि बाहेरच्या पेशंटच्या रांगेतून घुसून मॅडमच्या खोलीत शिरलो.

त्या एका म्हाताऱ्याची छाती तपासत होत्या. मी तिथेच, त्याच्यासमोरच बोललो.

“मॅडम, मी खोटं बोललो. अलई सरांना दोन खोके दिलेत. झिरपाड्याच्या आश्रमशाळेत आज शिबिर आहे. आत्ता चालू आहे.”

त्यांनी कानातली नळी काढली. मला वाटलं आता भडका उडेल. त्यांनी फक्त तीन गोष्टी विचारल्या. पट्ट्या किती? पोरं किती? गावकरीही येणार आहेत का? मग एका कागदावर चार ओळी खरडल्या.

“तिकडे फोन लागत नाही. तुम्ही पुढे व्हा. जे दिलं ते दिलं, पण दुसरा डोस कुणाच्या पोटात जाता कामा नये. मी इथलं आवरून जीप घेऊन येते.”

म्हसावदच्या पुढे रस्ता चढायला लागतो. पावसाने ठिकठिकाणी खचलेला, वळणावर शेवाळ. एका ओढ्यात गाडी बंद पडली, ती ढकलत पलीकडे नेली, प्लग पुसला, परत चालू केली. सगळा वेळ डोक्यात एकच चाललेलं, की अलईंनी अजून सुरुवात केली नसेल, जीप उशिरा पोचली असेल, शाळेने आधी जेवणं उरकून घेतली असतील. पोचलो तेव्हा बारा वाजून वीस मिनिटं झाली होती.

शाळेच्या व्हरांड्यात टेबल मांडलं होतं. पोरं भिंतीकडेला ओळीने बसून जेवत होती. टेबलासमोर गावातली माणसं उभी होती, काहींच्या हातात पट्ट्याही होत्या. अलईंनी मला पाहून हात वर केला.

“ये रे फिरके! बघ, तुझ्या कंपनीचं पुण्य. पोरांचं बाराला आटोपलं, एकशे बारा झाली. आता गावाला सुरुवात केलीय.”

“सर, थांबवा.”

“काय?”

“गोळी देणं थांबवा, सर. एक मिनिट बाजूला या.”

मी मॅडमची चिठ्ठी पुढे केली. ती वाचता वाचता त्यांचा चेहरा लाल होत गेला.

“काल तूच म्हणालास ना, दुधाइतकी सुरक्षित? आणि आज या चिठ्ठ्या घेऊन येतोस? कुणी भरवलंय तुला? दुसऱ्या कंपनीचा माणूस भेटला की काय?”

“सर, मी पेपर वाचलाच नव्हता. फक्त सारांश वाचला होता.”

“वाचला नव्हतास?” ते ओरडले. रांगेतली माणसं बघायला लागली. “मग मी वाचला होता असं वाटलं का तुला? तुझ्या भरवशावर दिल्या मी गोळ्या!”

मी बॅगेतली प्रत काढून तिसरं पान उघडलं आणि मॅडमनी रेघ मारली होती त्या जागी बोट धरलं. ते उभ्यानेच वाचायला लागले. परिच्छेद वाचला, मग माझ्या हातून कागद ओढून घेतला आणि स्वतःच तक्ता काढून बघितला. दोन मिनिटंसुद्धा लागली नाहीत. हुशार होते. मग ते खुर्चीत बसले.

“एकशे बारा पोरं,” ते हळूच म्हणाले.

“एकेकच डोस गेलाय, सर. पुढचे थांबवले तर...”

“आणि हे?” त्यांनी वहीवर हात ठेवला. “गावातल्यांना अख्ख्या पट्ट्या दिल्यात घरी न्यायला. एकतीस.”

आम्ही घंटा वाजवली. सर्वांसमोर उभं राहून अलई सरांनी सांगितलं, की माझी चूक झाली, या गोळ्या परत द्या. तो माणूस तेव्हा माझ्यापेक्षा फार मोठा दिसला. माणसं गोंधळली. दिलेलं औषध परत मागणारा डॉक्टर त्यांनी पाहिला नव्हता. एक तरुण तर भांडायलाच उठला. त्याचा भाऊ पट्टी घेऊन गेला आणि नेमका याचा नंबर आला तेव्हा वाटप बंद! शिव्या घालत तो डोंगराकडे निघून गेला.

तीन वाजता मॅडमची जीप आली. तोवर पंचवीस पट्ट्या परत मिळाल्या होत्या. उरलेल्या सहांसाठी आम्ही पाडे पालथे घातले. मॅडम पुढे, मी मागे. त्या घराबाहेरून त्यांच्या बोलीत हाक मारायच्या, पट्टी मागून घ्यायच्या, किती गोळ्या गेल्या ते मोजायच्या. पाच मिळाल्या. शेवटचं घर टेकाडाच्या पलीकडे होतं. सायसिंग पावराचं. तिशीतला, उंच, काटक माणूस. खाटेवर पडला होता. मॅडमनी काही विचारलं, त्याने उशाखालून पट्टी काढून दिली. रिकामी.

मॅडम माझ्याकडे वळल्या. “सहाही घेतल्या. म्हणतो, ताप जाणारच आहे तर एकदम जाऊ दे.”

“आता?”

“आता त्याला खाली शाळेत न्यायचं आणि वाट बघायची.”

तीन दिवस आम्ही त्या शाळेत राहिलो. सकाळ-संध्याकाळ पोरांना काचेच्या बाटल्या द्यायच्या आणि लघवीचा रंग उजेडात धरून बघायचा. मी आयुष्यात इतक्या बारकाईने काही पाहिलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी दोन पोरांची लालसर झाली. मॅडम त्यांच्या उशाशी बसून राहिल्या, पाणी पाजत, डोळ्यांच्या पापण्या खाली ओढून बघत. तिसऱ्या दिवशी ती लाली उतरली. अलई सर भिंतीकडे तोंड करून उभे राहिले आणि त्यांचे खांदे हलताना मी पाहिले.

सायसिंगची मात्र काळी झाली. जांभळाच्या रसासारखी. डोळे पिवळे, ओठ पांढरे. मॅडमनी त्याला जीपमध्ये आडवं केलं आणि आम्ही धुळ्याला निघालो. नंदुरबार तेव्हा वेगळा जिल्हा झाला नव्हता, मोठा दवाखाना धुळ्यालाच. साडेचार तास. त्याचं डोकं माझ्या मांडीवर होतं. वाटेत एकदा त्याने डोळे उघडून काही विचारलं, मला कळलं नाही. मॅडम पुढच्या सीटवरून म्हणाल्या, “पोरं कशी आहेत, विचारतोय. त्याचा पुतण्या शाळेत आहे.”

धुळ्याला त्याला चार बाटल्या रक्त चढलं. दोन दिवस लघवीच थांबली. डॉक्टरांनी त्याच्या बायकोला बाजूला घेऊन काही सांगितलं, ती जमिनीवर बसली ती उठेना. सहाव्या दिवशी पहाटे थोडी लघवी झाली. नवव्या दिवशी तो उठून बसला.

मधल्या काळात एरिया मॅनेजर येऊन गेला. त्याचा एकच प्रश्न होता, की आधी मला फोन का नाही केलास? मी म्हटलं, तुम्ही पेपर वाचलाय का, सर? तो गेला. महिन्याभराने मी राजीनामा दिला. आज सावद्याला माझं औषधांचं दुकान आहे.

पण मला सांगायचंय ते वेगळंच. दवाखान्याच्या आवारात मॅडम एकदा म्हणाल्या होत्या, “तुम्ही लगेच परत आलात म्हणून एवढ्यावर निभावलं.” मी तेव्हा गप्प बसलो. लगेच आलो नव्हतो. त्या हॉटेलात मी चाळीस मिनिटं बसलो होतो. सगळी नऊ पानं वाचत. जे कळायला हवं ते तिसऱ्या पानावर होतं आणि ते मी मॅडमसमोर मोठ्याने वाचून दाखवलं होतं. उरलेली पानं मी शिकण्यासाठी वाचली नाहीत. कुठेतरी एखादं वाक्य सापडेल, ज्याच्या आधारे गप्प बसता येईल, ते शोधत होतो. नोकरी जाईल, अलई सर मारतील, आणि कदाचित कुणाला काही होणारही नाही. ते वाक्य मिळालं नाही, म्हणून उठलो. गावकऱ्यांना पट्ट्या द्यायला सुरुवात झाली बाराला. मी पोचलो बारा वीसला.

राजीनामा दिल्यावर दिवाळीनंतर मी आधी मॅडमकडे गेलो आणि हे सांगितलं. त्यांनी हातातली पेन्सिल खाली ठेवली. मग म्हणाल्या, “मला कशाला सांगता? त्याला सांगा.”

सायसिंग अंगणात बसला होता. अजून अशक्त होता. शेत भावाने काढलं होतं. भाऊ म्हणजे शिबिरात शिव्या देऊन गेलेला तोच तरुण, रायमल. सायसिंगला बेताचं मराठी येत होतं. त्यांच्या बोलीत अहो-जाहो नाही, तो सगळ्यांना अरे-तुरे करी. मी त्याला सगळं सांगितलं. खोटं बोललो ते, हॉटेल, चाळीस मिनिटं.

“बसून काय करत होता?” त्याने विचारलं.

“वाचत होतो.”

“तेवढा वेळ लागतो वाचायला?”

“नाही लागत. भीत होतो.”

त्याने रायमलला बोलीत सांगितलं. रायमलने माझ्याकडे बघितलं, माझ्या अंगावर येईल असं मला वाटलं, आणि मी हललो नाही. मग तो काहीतरी पुटपुटला आणि खाली बसला.

“काय म्हणतो?”

“म्हणतो, त्याचं रक्त पण बाईने धुळ्याला तपासून घेतलं. माझ्यासारखंच आहे.” सायसिंग माझ्याकडे वळला. “तुझा राग आला मला. अजून येईल. पण तो रांगेत माझ्या मागेच होता.”

त्याने बायकोला हाक मारली. तिने आतून प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेला कागद आणला. धुळ्याच्या दवाखान्याचं कार्ड.

“हे चार जणांना दाखवलं,” तो म्हणाला. “मास्तरला, सरपंचाला. सगळे बघतात आणि म्हणतात, ठीक आहे. काय ठीक आहे? तू वाच. सगळं वाच.”

मी वाचलं. तारीख, नाव, वय, रक्त किती चढलं. आणि अगदी खाली, घाईत लिहिलेल्या इंग्रजी अक्षरांत, त्याने जन्मभर कधीही घ्यायची नाहीत अशा पाच औषधांची नावं.

“हे मला पाठ पाहिजे,” सायसिंग म्हणाला. “कागद भिजतो, हरवतो. सांग.”

मी पहिलं नाव सांगितलं. त्याने म्हणून बघितलं, चुकलं. मी परत सांगितलं. रायमल जवळ सरकला आणि तोही म्हणायला लागला. तिसऱ्या नावाला दोघं अडखळत होते, एकमेकांना चुकवत होते, बायको दारातून हसत होती. सायसिंगने हात वर करून सगळ्यांना गप्प केलं, डोळे मिटले आणि पहिल्यापासून सुरुवात केली. पाचही नावं न चुकता म्हणून झाल्यावर त्याने डोळे उघडले आणि मला म्हणाला, “आता माझ्या पुतण्याला शिकव. तो शाळेतून येईपर्यंत बस.”

मी बसलो.